सर जवळ आले की

"सर, आता पट्टा," संशोधिका चाचरत म्हणाली.

संचालकांनी कमरेचा पट्टा काढून शिपाईमामांच्या हातात दिला. घड्याळ, चष्मा आणि बूट आधीच गेले होते. एका हाताने पँट सावरत, नुसत्या मोज्यांवर ते पुन्हा टेबलाजवळ आले. यंत्र किंचाळलं. ते मागे सरकले. यंत्र गप्प.

टेबलावर मुठीएवढा स्फटिक होता, सिझियम आयोडाइडचा. किरणोत्सर्गाचा किरण आत शिरला की तो क्षणभर लकाकायचा आणि यंत्र ती लकाकी मोजायचं. संशोधिका चार वर्षं त्याच्यामागे होती. सतरा तडकले, तेव्हा कुठे हा अठरावा साधला. आज समितीने नापास केला की काम बंद.

समितीचे तिघे गंभीर चेहऱ्याने बसले होते. एकाने शिपाईमामांना पुढे केलं. यंत्र गप्प. दुसऱ्याने खिडकीतली कुंडी आणून ठेवली. तरी गप्प. मग सरांना पुन्हा बोलावलं. यंत्राने खोली डोक्यावर घेतली.

"साहेबांवरच खार खाऊन आहे," शिपाईमामा पुटपुटले.

"स्फटिक सदोष आहे! लिहा तसं!" संचालक कडाडले. पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतःची चूक कबूल केलेली कुणी पाहिली नव्हती. समितीच्या प्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं.

संशोधिकेने हताशपणे यंत्राच्या आपल्याकडे वळवलेल्या पडद्यावर नजर टाकली. आलेखात एकच उंच सुळका होता. तिने तो लगेच ओळखला. किरणोत्सारी आयोडीन! थायरॉइडच्या कॅन्सरवर रुग्णाला पाजतात ते; मग काही दिवस त्याच्या अंगातूनच किरण निघत राहतात. सर परवाच रजेवरून परतले होते. गावी गेलो होतो, म्हणाले होते. आणि त्यांची मुदतवाढ याच तिघांच्या हातात होती.

तिने हळूच पडदा बंद केला.

"सरांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "स्फटिक सदोष आहे. घ्या लिहून."

पेन कागदावर फिरू लागलं. संचालकांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तसेच मोज्यांवर, पँट धरून ते समितीच्या प्रमुखांकडे वळले.

"खोडा ते," ते म्हणाले. "स्फटिक ठणठणीत आहे. आजारी मी आहे."