कोरं जॅकेट

"काढ ते. आत्ताच्या आत्ता," यशोधरा म्हणाली.

भारती काचेत स्वतःला न्याहाळत बुलेटप्रूफ जॅकेटचे पट्टे आवळत होती. तिचा हात तिथेच थांबला. तिने जयदेवकडे पाहिलं. एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या त्याच्या गाडीवर ती गार्ड होती.

"मॅडम, कोरं आहे ते," जयदेव म्हणाला. "कुणाच्या अंगाला लागलेलं नाही. आज दुपारच्या फेरीला हिला तेच देणार आहे. जुनं बघा कसं झालंय."

जुनं टेबलावर पडलं होतं. भारती रोज घालायची ते. खांद्यावर रंग उडालेला, बगलेत घामाचे पांढरे डाग. दोन्ही जॅकेटं अंबरनाथच्या याच कारखान्यात, एकाच वर्षी शिवलेली, आणि पाच वर्षांची मुदत दोन्हींची संपलेली. मागच्या आठवड्यात वांगणीच्या रस्त्यावर दुसऱ्या एका एजन्सीच्या गाडीवर गोळी झाडली गेली, तेव्हापासून जयदेवचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कपाटात अशीच कोरी ठेवलेली जॅकेटं तपासून मुदत वाढवून द्या, म्हणून तो चाचणी विभागात आला होता. तो विभाग यशोधराच्या हाताखाली होता.

भारतीने नाखुशीनेच जॅकेट उतरवलं. यशोधराने त्याचं कापडी आवरण उघडून आतला जाड थर बाहेर काढला. मधोमध घडीची रेघ उमटली होती. कडेची शिवण एका जागी उसवली होती. तिने तो थर नाकाशी नेला.

"हे भिजलंय."

"दोन वर्षांपूर्वी. आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं होतं," जयदेव म्हणाला. "पण मी तशीच नाही ठेवली हं. सगळी उघडून पत्र्यावर कडक उन्हात वाळवली, मग घड्या घालून कपाटात. स्वतः उभं राहून करून घेतलं."

त्याने ते अगदी मनापासून सांगितलं.

"चादर असती तर बरोबर केलंत," ती म्हणाली. "या धाग्याला पाणीही चालत नाही आणि ऊनही. घडीवर तर तो आतल्या आत मोडतो. वरून काही दिसत नाही. गोळी आरपार जाईल."

"आणि माझं?" भारतीने विचारलं.

यशोधराने जुन्याचा थर काढला, शिवणीवरून बोट फिरवलं, दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. "ठेवतेस कसं?"

"आडवं, फळीवर. तुम्हीच ट्रेनिंगला सांगितलेलं ना, घडी नको, धुवायचं नाही."

"हे गोळी धरेल."

जयदेव हसला. "मॅडम, नुसता वास घेऊन?"

"चला," यशोधरा म्हणाली.

चाचणीची खोली लांबट होती. एका टोकाला मातीचा ठोकळा, दुसऱ्या टोकाला चौकटीत आवळलेलं पिस्तूल. यशोधराने कोरं जॅकेट ठोकळ्यावर बांधलं आणि तिघं जाड काचेमागे गेली. तिने बटण दाबलं. आवाज छातीत बसला.

ती पुढे गेली, जॅकेट सोडलं आणि ठोकळा त्यांच्याकडे वळवला. मातीत भोक पडलं होतं. खोल. जयदेवने त्यात करंगळी घातली. ती पेरापेराने आत जात राहिली, तशी त्याने झटक्यात बाहेर ओढली.

भारतीचा हात नकळत स्वतःच्या बरगडीवर गेला होता.

मग नवीन ठोकळ्यावर जुनं. पुन्हा तोच आवाज. या वेळी मातीत वाटीएवढा खळगा पडला होता, भोक नव्हतं. चपटी झालेली गोळी थरांतच अडकून बसली होती.

"धरलं!" जयदेवचा चेहरा उजळला. "मॅडम, मग हेच घालू दे की तिला. पास झालं ना!"

"पास झालं म्हणूनच संपलं. गोळी खाल्लेलं जॅकेट पुन्हा अंगावर चढवायचं नाही."

"मग बाकीची? कपाटात आहेत ती?"

"त्यातलं कुठलं धरेल, कुठलं नाही, हे कळायला प्रत्येकाला गोळी घालावी लागेल. मग घालायला उरणार काय?" यशोधराने कोऱ्या जॅकेटवर शिवलेली तारखेची पट्टी त्याच्यासमोर धरली. "यासाठी तारीख असते, जयदेव. मी या पट्टीवर नवी तारीख चिकटवणार नाही. चिकटवली तर उद्या हिच्यासारख्या बाईचं माप घेताना तिच्या डोळ्यात बघू शकणार नाही."

जयदेवने खिशातून फोन काढला. त्याने गोडाऊनवरच्या माणसाला लावला. "हां, शंकर. दुपारची गाडी काढू नकोस. बँकेला मी सांगतो. आणि गोडाऊनच्या कपाटाला कुलूप लाव. नाही, आवरून ठेवायचं नाही, नुसतं कुलूप! त्याला कुणी हात लावायचा नाही."

नव्या जॅकेटांची ऑर्डर द्यायला तो ऑफिसकडे गेला. यशोधराने मोजपट्टी घेतली आणि भारतीचं माप घ्यायला लागली. खांदा, छाती, कंबर. भारती हात पसरून उभी होती. मध्येच म्हणाली, "मॅडम, एक फोन करू? आई घरी आहे."

"कर ना."

बारवी धरणाकडच्या तिच्या पाड्यावर फोन लागायला वेळ गेला. भारती एका हाताने फोन धरून बोलू लागली. दुसरा हात मापासाठी तसाच पसरलेला होता.

"आये, आज मी लवकर येतंय गो. भात ठेव माझा."

पलीकडून घाबऱ्या आवाजात काहीतरी विचारलं गेलं. यशोधराची मोजपट्टी भारतीच्या छातीभोवती होती. आतले ठोके तिच्या बोटांना लागत होते.

"काय नाय झाला गो," भारती म्हणाली. "काय नाय झाला, म्हणून तं येतंय."