सकाळचा उखाणा

"घ्या नाव," चुलीपुढून कौसल्या म्हणाली.

हणमंतराव मनगटावरच्या पट्ट्यातल्या दिव्याशी बोलू लागले. नऊ वर्षांपूर्वी बैलगाडीचं जू मानेवर आदळलं आणि मेंदूकडे जाणारी त्यांची रक्तवाहिनी आतून फाटली. तिथे बसवलेली जाळी त्या पट्ट्यातून रोज सकाळी त्यांचा लग्नातला उखाणा ऐकायची. बोलणं अडलं, तरच ती रक्ताची गाठ विरघळवणारं औषध सोडायची.

"तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटला छान..."

ते थांबले. कौसल्येची भाकरी हातातच राहिली. पुढचं सांगायची तिला डॉक्टरांची सक्त मनाई होती. तिने पदराचं टोक दातांत धरलं.

"नवरदेव लाजले बघ, वहिनी," पाहुणी आलेली नणंद शेवंता हसली. "म्हण की दादा, कौसल्येचं नाव घेतो, राखतो सगळ्यांचा मान."

"वन्सं, गप्प बसा."

पण हणमंतरावांनी शेवंताच्या मागून सगळं म्हणून टाकलं होतं. दिवा हिरवा झाला. आता उद्या सकाळपर्यंत जाळी काही ऐकणार नव्हती.

शेवंताने कौतुकाने चहा पुढे केला. हणमंतरावांच्या उजव्या हातातून कप निसटला, फुटला. आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.