जुईच्या नाडीवर

"डीजेने काय बेस टाकला! मी तर उडालेच," शर्वाणी म्हणाली.

"कुठला गं? माझ्याकडे आलाच नाही," जुई म्हणाली.

नाशिकच्या त्या क्लबात डीजे एकच, पण टेक्नो वाजायचं ज्याच्या त्याच्या कानात, ज्याच्या त्याच्या नाडीवर. उद्या जुई कायमची बंगळुरूला चालली होती, आणि दोघींनी एकही ट्रॅक सारखा ऐकला नव्हता.

शर्वाणीने आपला नाडी टिपणारा मनगटपट्टा काढला आणि कानातलं यंत्र जुईच्या पट्ट्याला जोडलं. ठेका सुसाट धावत आला.

"जुये, एवढी घाबरलीयस? आणि सकाळपासून 'मज्जा येणारे' म्हणून मिरवतेयस!"

शर्वाणीने जुईचा हात घट्ट धरला. हळूहळू दोघींच्या कानातला ठेका संथ झाला. मग त्या नाचल्या, पहिल्यांदाच एका तालात.