पाठ करून घेतलेली पाठ

मसाजच्या कोर्सची तोंडी परीक्षा उद्यावर आली होती आणि सून त्यात एकदा आपटलेली होती. दुसऱ्यांदा आपटली, तर पुन्हा वर्षभर वर्गात बसणं आलं. परीक्षेत समोरच्याच्या पाठीवरचा स्नायू दाबून त्याचं नाव सांगायचं असतं. म्हणून दुपारची कामं उरकल्यावर सासूबाई स्वतःच पलंगावर पालथ्या पडल्या, मान काठाबाहेर काढली, खाली जमिनीवर पुस्तक उघडून ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, कर सुरू. मी पुस्तकात बघते."

सुनेने मानेच्या खाली दाबलं. "ट्रॅपिझियस."

"चूक. पुन्हा सांग."

सुनेने तिथेच जरा जोर लावला. "अहो आई, ट्रॅपिझियसच आहे!"

"हां, आता बरोबर. पुढचा."

खांद्याच्या पात्यांमधला ऱ्हॉम्बॉइड तीनदा चुकला. कमरेपाशी तर सासूबाई अगदी अडूनच बसल्या.

"चूक... अजून चूक... जरा डावीकडे चूक..."

दुसऱ्या दिवशी सून वर्गात पहिली आली. तिने घरी येऊन सासूबाईंना मिठीच मारली. "आई, तुम्ही इतकं घोटून घेतलंत म्हणून हो!"

"मग! अभ्यासात मी कुणाची गय करत नाही," सासूबाई खांदे मोकळे करत म्हणाल्या. "आता मोकळी झालीस, तर तेवढा माझा चष्मा शोधून दे बाई. चार दिवस झाले, एक अक्षर दिसत नाही."