मीनाबाईचं पिच

माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. गावच्या मैदानाचं पिच पाच वर्षं मीनाबाईच्याच हातचं. फायनलच्या सकाळी पाहुण्या वारणानगर टीमचा कॅप्टन तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "मावशी, पिच कसं हाय?"

मीनाबाईचा चेहरा खुलला. "अजून ओल हाय. दुपारपातूर बॉल लई उसळंल. टॉस जिंकलासा तर आधी बॉलिंगच घ्या."

त्यांनी टॉस जिंकला, बॉलिंग घेतली आणि गावची टीम अडतीस धावांत गुंडाळली. हा सल्ला मीनाबाईनं दिल्याचं कळल्यावर गावचा कॅप्टन विश्वजित भडकलाच. "मावशी, तू आमची का त्यांची? आमाला का न्हाय सांगितलंस?"



"तू इचारशील म्हणून पाच वर्सं वाट बघितली की रं," मीनाबाई म्हणाली, "पर इचारलं पावण्यानं."