सासू-सुनेची टेकडी

गेटवरच्या वहीत नाव लिहिताना करुणाचं आडनाव चुकलं आणि तिला ते खोडून पुन्हा लिहावं लागलं. शेजारी तिची सासू विमलाबाई नव्याकोऱ्या कॅनव्हासच्या बुटांत उभ्या होत्या. बासष्ट वर्षं चपलांवर काढलेल्या या बाईंनी परवा भंडाऱ्याच्या बाजारातून बूट का आणले, हे करुणाने विचारलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती.

"आज उशीर केला," गेटवरचा माणूस विमलाबाईंकडे बघून म्हणाला. सगळ्यांनाच तो असं म्हणत असेल, असं करुणाला वाटलं.

अभयारण्यातल्या या टेकडीवर मचाणापर्यंत पायी जाता येतं. तासाभराची चढण आहे, आणि वरून खालचा तलाव, पलीकडचं रान, हवा स्वच्छ असली तर वैनगंगाही दिसते म्हणतात. करुणाला त्यातलं काहीच बघायचं नव्हतं. तिला एक वाक्य बोलायचं होतं. लाखांदूरच्या संघपालशी तिने लग्न ठरवलं होतं. पुढच्या रविवारी त्याच्या घरची माणसं कारध्याला, या दोघींच्या घरी येणार होती, आणि सासूला अजून पत्ता नव्हता.

अश्वजितला जाऊन चार वर्षं झाली होती. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. तेव्हापासून घरात या दोघीच. करुणा दवाखान्यातल्या ड्यूटीवरून परतली की विमलाबाई चहा टाकत आणि ती कप खाली ठेवेपर्यंत समोर बसून राहत. मुलगा गेलेल्या या बाईला सोडून आता सुनेनेही लाखांदूर गाठायचं? या विचाराने करुणाचा जीव टांगणीला लागला होता. घरात बोलावं तर भिंतीवर अश्वजितचा फोटो आणि भिंतीपलीकडे शेजारणीचे कान.

म्हणून गुरुवारी सासूच म्हणाल्या, "रविवारी टेकडीवर जाऊ," तेव्हा करुणाने लगेच होकार दिला. मग तिला शंका आली. ज्या बाईला वाण्याच्या दुकानापर्यंत जायचा कंटाळा, तिला एकदम डोंगर चढायची हौस कुठून आली? हिला कुणकुण लागली होती, दुसरं काय. अलीकडे करुणा खोलीत आली की सासूचं फोनवरचं बोलणं थांबायचं. कुणीतरी नक्की कान भरले होते. चार लोकांच्या नजरेआड जाब विचारायला हिने ही जागा शोधली असणार.

सागाच्या वाळक्या पानांतून विमलाबाई पुढे पुढे चालल्या होत्या. सुनेची मात्र दमछाक झाली होती.

"आई, हळू चाला. गुडघे दुखतीन."

"माह्या गुडघ्याले काय झालं? तू चाल लवकर."

अर्ध्या वाटेवर सिमेंटचा बाक आला. करुणा बसली, घाम पुसला आणि मनाचा हिय्या केला.

"आई, मले तुमाले काही सांगायचं हाय."

"मलेबी बोलायचं हाय तुह्याशी," विमलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "वर गेल्यावर."

काहीतरी करायचं म्हणून तिने पिशवीतला डबा काढला.

"खाऊन घेता का थोडं?"

"ठेव थो डबा. वर गेल्यावर."

पुढची चढण दोघी चढल्या. पाण्याच्या टाकीपाशी विमलाबाईंनी तोंड धुतलं, ओल्या हाताने केस चापून बसवले आणि पदर नीट केला. मग एकदम विचारलं, "अश्वजित असता तर काय म्हटलं असतं त्यानं?"

"कायले?"

"काई नाई. चाल."

आता मात्र करुणाला राहवेना. मचाणाची शिडी समोर दिसत होती. वर जाऊन अपराध्यासारखं उभं राहण्यापेक्षा इथेच बोललेलं बरं.

"आई, मी लग्न करून राहिली," ती म्हणाली. "संघपाल नाव हाय. लाखांदूरले शिक्षक हाय. ओळखीले आठ महिने झाले, तुमाले सांगायची हिंमत नाई झाली."

विमलाबाई जागच्या जागी थांबल्या. मग खालच्या दगडावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. अश्वजित गेला त्या दिवशी घरभर माणसं होती, तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. करुणा त्यांच्या पायाशी बसली. आपण फार मोठं पाप केलं असं तिला वाटलं, आणि संघपालचा चेहराही आठवेना.

"नोका रडू आई. तुमी नाई म्हणा, मी नाई करत लग्न. तुमाले एकटं टाकून मी कुठीच नाई जात." आणि हे ती अगदी मनापासून बोलली.

तेवढ्यात शिडीवर पावलं वाजली. पांढऱ्या मिशांचे, गळ्यात मफलर घातलेले एक गृहस्थ दोन पायऱ्या उतरले आणि करुणाला पाहून तिथेच अवघडून उभे राहिले. विमलाबाईंनी घाईघाईने डोळे पुसले. "हे धनीरामजी," त्या नव्या नवरीसारखं खाली बघत म्हणाल्या, "वरठीचे. यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. तुले एकटी टाकून कशी जाऊ म्हणून मीबी चार महिन्यांपासून गप्प बसून आहो. आता विहारातल्या भंतेजीले विचारून पाह्य पोरी, दोघींचंबी एकाच दिवशी होते का."