खाट रिकामी असल्यास

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उघडण्याचा क्रम ठरलेला होता. मावशी आधी फरशी पुसत, मग बाकडी भिंतीला लावत. बाई हात धुऊन स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून ऊबदार करत आणि पहिल्या रुग्णाला हाक मारण्याआधी रक्तदाबाचा पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधून यंत्र धड चालते ना, ते पाहत. आजही ते सारे झाले. फक्त बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, आणि बाकड्यांवरची माणसे आजारापेक्षा कायद्याविषयीच अधिक बोलत होती.

नवा आरोग्य कायदा आज शहरातल्या सभागृहात मोठ्या थाटाने जाहीर व्हायचा होता. तातडीच्या रुग्णाला कोणत्याही इस्पितळाने दारातून परत पाठवायचे नाही, हा त्याचा गाभा. गल्लीबोळांत दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे बाई जिच्या अध्यक्ष होत्या त्याच संघटनेने, त्याला सर्वांत आधी पाठिंबा दिला, तेव्हा बाकी सारे विरोधात होते. मग एकेक जण वळू लागला. परिचारिका आल्या, औषधविक्रेते आले, आणि काल संध्याकाळी तर खासगी इस्पितळांचे मालकही आले. संघटनेचा चिटणीस सकाळपासून फोनवर हर्षभरित झाला होता. बाईंची खुर्ची मंत्र्यांच्या शेजारी आहे, हे त्याने पुनःपुन्हा सांगितले.

मावशींना त्या खुर्चीचे अप्रूप नव्हते. त्यांच्या सुनेला आठवा महिना लागला होता. पाय सुजलेले, रक्तदाब चढा. चौकातले पाचमजली इस्पितळ घरापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि सरकारी रुग्णालय पार नदीपलीकडे. चौकातल्या दाराशी आता कुणी अडवणार नाही, असे बाईंनीच त्यांना सांगितले होते. त्या शब्दावर मावशी निर्धास्त होत्या.

दुसरा रुग्ण आत असतानाच त्या इस्पितळाचे मालक दवाखान्यात आले. लोक त्यांना ‘पाचमजली’च म्हणत. या दवाखान्याची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते. परवापरवापर्यंत भर सभेत बाईंना ‘गल्लीतल्या वैदीणबाई’ म्हणणारा हा गृहस्थ रुग्णांच्या बाकड्यावर अंग चोरून बसला, शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करू लागला.

“बोका संन्यासी झालेला दिसतोय,” मावशी आतल्या दाराशी पुटपुटल्या.

बाईंना हसू आले नाही. रात्रभर पोट धरून कळवळणारा रुग्ण सकाळी अचानक स्वस्थ झाला, तर घरच्यांना आनंद होतो; डॉक्टरने मात्र तेव्हाच घाबरायचे असते. दुखणे आपोआप थांबत नाही. आत काहीतरी फुटलेले असते.

त्यांनी मालकांना आत बोलावले. एकाच गाडीने जाऊ, लोकांना आपली एकी दिसेल, असे ते म्हणाले. बाईंना ‘ताई’ म्हणण्याचेही त्यांनी मनावर घेतलेले दिसत होते.

“ते कलम तसंच आहे ना?” बाईंनी विचारले.

“शब्दन्‌शब्द आहे, ताई. काल फक्त पुढे जोडलंय, ‘खाट रिकामी असल्यास’. व्यवहार बघायला नको?”

“आणि खाट रिकामी आहे की नाही, हे कोण ठरवणार?”

“अहो, ज्याची खाट, तोच की.”

ते मोकळेपणाने हसले. मग समजुतीच्या स्वरात बरेच बोलले. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. कायदा एकदा होऊ दे, शब्द काय, पुढे काढताही येतात. बाईंना ते सगळेच खोटे वाटले नाही, आणि त्याचाच त्यांना अधिक त्रास झाला. उठता उठता मालक म्हणाले, “तुमचं नाव वर असलं ना ताई, की लोक जास्त खोलात जात नाहीत. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा.”

गाडीत वाट पाहतो, असे सांगून ते बाहेर गेले.

बाईंनी चिटणीसाला फोन लावला. व्यासपीठावर आपले कुणी बसणार नाही, पाठिंब्यातून संघटनेचे नाव काढून टाक, एवढेच सांगितले. तो गडबडला. जोडलेले शब्द त्याने कालच ऐकले होते, पण इतक्या आनंदात त्यांचे काय घेऊन बसायचे, असे त्याला वाटले होते. लोकांना कारण काय सांगू, असे त्याने विचारले.

“खरं ते सांग. संध्याकाळी सगळ्यांना बोलाव, मी पुन्हा सांगेन.”

बाकड्यांवरच्या माणसांना त्यांनी दुपारी यायला सांगितले. बाई आज समारंभाला जाणार म्हणून तशी त्या माणसांची तयारी होतीच. मग मावशींना म्हणाल्या, “सुनेला दोन लुगडी पिशवीत भरून बसथांब्यावर यायला सांगा. आपण आत्ताच नदीपलीकडे जाऊ. तिथल्या डॉक्टर माझ्या ओळखीच्या आहेत, त्या ठेवून घेतील.”

“आत्ता? पण बाई, कायदा होणार म्हणालात ना आज?”

“होईल, मावशी. मीच तुम्हाला घाईनं सांगितलं. माझं चुकलं.”

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. मग त्यांनी सुनेला फोन केला, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

फाटकाशी गाडी चालू होती. मालक आत फोनवर कुणाला तरी येतोच म्हणून सांगत होते, आणि चालक बाईंसाठी मागचे दार उघडून अदबीने उभा होता. बाई गाडीजवळ गेल्या. आजारी माणसाला आत बसवून झाल्यावर लावावे, तसे त्यांनी ते दार हलकेच, आवाज न करता लावले आणि मावशींच्या मागोमाग त्या बसथांब्याकडे चालू लागल्या.